लिहायला शिकवणाऱ्यांना, कोठीसमोरच्या टायपिंगवालीकडून

बडोद्यात मुलांना लिहायला-वाचायला शिकवणाऱ्या सर्व बाई, सर, बेन आणि टीचर यांस,

सप्रेम नमस्कार वि. वि.

पत्र नेमकं कोणाला, ते आधी सांगते. पहिली-दुसरीत मुलांच्या बोटांना पेन्सिल धरायला शिकवणाऱ्यांना. पुढच्या वर्गांत भाषेचा तास घेणाऱ्यांना, मग माध्यम गुजराती असो, मराठी असो की इंग्रजी. कारेलीबागेत, मांजलपुरात, दांडिया बाजारात हस्ताक्षराचे, फोनिक्सचे नि निबंधाचे क्लास चालवणाऱ्यांना. वस्तीतल्या ओट्यावर संध्याकाळी गोष्टींची पुस्तकं घेऊन बसणाऱ्या कार्यकर्त्यांना. आणि सुट्टीच्या दिवशी आपली मराठी मुलं जमवून ‘निदान सही तरी मराठीत करू देत’ म्हणत धडपडणाऱ्या मंडळींनाही.

मी कोठी भागात कचेऱ्यांसमोर टायपिंग-झेरॉक्सचं लहानसं दुकान चालवते. गुजराती, हिंदी, इंग्रजी, आणि क्वचित कोणी मागितलं तर मराठी. पीटीसी (प्राथमिक शिक्षकांचा कोर्स) केलं होतं, शिक्षिकेची नोकरी काही लागली नाही, टायपिंग हाताशी होतं. आता आवकेचा (उत्पन्नाचा) दाखला, जातीचा दाखला, शाळेच्या एल.सी.तल्या (शाळा सोडल्याच्या दाखल्यातल्या) नावाची दुरुस्ती, रेशनकार्डात सुनेचं नाव चढवणं, वारलेल्या वडिलांच्या नावचं लाइटबिल मुलाच्या नावावर करणं, असले अर्ज आणि सोगंदनामे (प्रतिज्ञापत्रं) यांत दिवस जातो. तुम्ही शिकवलेली मुलं मोठी होऊन माझ्यासमोरच्या स्टुलावर येऊन बसतात. तुम्हाला ती परीक्षेपर्यंत दिसतात, मला परीक्षा संपल्यावर दिसतात. म्हणून हा लिहिण्याचा खटाटोप.

छापील फॉर्म असला तर नाव, पत्ता, जन्मतारीख, आधार नंबर सगळं स्वच्छ भरलेलं असतं. अक्षर बऱ्याचदा माझ्यापेक्षा चांगलं. फॉर्मच्या शेवटी एक रकाना असतो, ‘कारण’. कुठे ‘अर्जाची विगत’ (तपशील) लिहिलेलं असतं. तो कोरा. बारावी झालेला मुलगा, बी.कॉम. झालेली मुलगी, मकरपुऱ्याच्या कारखान्यातला सुपरवायझर, तोच रकाना सगळ्यांचा कोरा. ‘बेन, आटलुं तमे लखी आपो ने.’ मराठी घरातले असले तर, ‘ताई, एवढं तुम्हीच लिहा.’

याच माणसाला विचारा, काय झालंय? तो न थांबता सांगतो. शाळेत घालायला आजोबा गेले होते, त्यांनी घरात हाक मारतात तेच नाव सांगितलं, बाईंनी तेच लिहिलं, दहावीच्या मार्कशीटवर तेच आलं, पासपोर्टवाल्यांनी परत पाठवलं, मामलतदार कचेरीत म्हणाले आधी शाळेत जा, शाळेत म्हणाले आधी गॅझेट करा. तारखा तोंडपाठ. कुठल्या खिडकीवर कोण बसलं होतं तेही. सांगणं पक्कं, अक्षर सुंदर, आणि दोघांची गाठ कधी पडलेलीच नाही.

माझं पोट याच कोऱ्या रकान्यावर चालतं. म्हणजे हे पत्र लिहून मी माझ्याच धंद्यावर उठले आहे, असं माझे यजमान म्हणतात. म्हणोत.

1911 साली इंग्रज सरकारने जनगणना केली तेव्हा साक्षर कोणाला म्हणायचं याची एक साधी कसोटी ठरवली होती. ज्याला मित्राला पत्र लिहिता येतं आणि त्याचं आलेलं उत्तर वाचता येतं तो साक्षर, बाकीचे नाहीत. हल्लीची व्याख्या अशी आहे, की सात वर्षांचा किंवा त्याहून मोठा, कोणत्याही एका भाषेत समजून लिहू-वाचू शकणारा. व्याख्येत खोट नाही, पण गणना करणारा दारात येतो, विचारतो, घरातले ‘हो’ म्हणतात, खूण होते. 2011 मध्ये गुजरातची साक्षरता अशी 78 टक्के भरली. जुन्या कसोटीतली मला आवडणारी गोष्ट म्हणजे तिच्यात दुसरा माणूस आहे. पत्र कोणाला तरी जायचं आहे आणि त्याच्याकडून काहीतरी यायचं आहे. शाळेत मूल जे लिहितं त्याला उत्तर कधी येत नाही, गुण येतात. आणि गुण कशाला मिळाले ते पाहिलं तर अक्षराला, समासाला, ऱ्हस्व-दीर्घाला, आणि बेनने सांगितलेले मुद्दे सगळे आले की नाही याला.

वर्गात लेखन म्हणून काय चालतं ते तुम्हाला मी सांगायला नको. फळ्यावरचं उतरवून घ्या. धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरं लिहून घ्या, म्हणजे बाई सांगतील ती. श्रुतलेखन. सुलेखनाचं रोज एक पान. मग थोडं मोठं झाल्यावर निबंध: वर्षाऋतू, माझा आवडता सण, मी पंतप्रधान झालो तर. निबंध गाइडमध्ये तयार मिळतो, क्लासमध्ये झेरॉक्स मिळते (ती कधीकधी माझ्याच मशिनवर निघते). 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, मगरी सोसायट्यांच्या आवारापर्यंत आल्या. त्याच वर्षी माझ्याकडे झेरॉक्सला आलेल्या निबंधांत मोर नाचत होते, धरतीमातेने हिरवा शालू नेसला होता आणि शेतकरी आनंदाने डोलत होता. ज्या मुलाच्या घरातला फ्रिज पाण्यात गेला, ज्याने गच्चीवरून बिस्किटांचे पुडे झेलले, तेही परीक्षेत हिरवा शालू लिहून आलं. त्याला पावसावर लिहिण्यासारखं काही नव्हतं असं कोण म्हणेल? पण ते लिहायचं असतं हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि लिहून गुण जाण्याची भीती होती.

हे फक्त बडोद्याचं नाही. 2011 ते 2016 या काळात महाराष्ट्रातल्या वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये मराठी आणि कन्नड शिकणाऱ्या मुलांचा काही वर्षं सलग अभ्यास झाला. त्यातही हेच दिसलं, की वर्गातलं लेखन म्हणजे बहुतेक उतरवून काढणं, आणि मुलाने स्वतःच्या मनातलं काही लिहावं याला जवळजवळ जागाच नाही. सरकारी मोजमाप बघावं तर लहान वयातल्या साक्षरतेच्या ‘निपुण भारत’ मोहिमेची भाषेतली लक्ष्यं, ती बालवाटिकेपासून (पहिलीच्या आधीच्या वर्गापासून) तिसरीपर्यंत सगळी वाचनाची: अक्षर ओळखणं, चार-पाच शब्दांचं वाक्य वाचणं, तिसरीत मिनिटाला किमान साठ शब्द. 2005 पासून गावोगाव मुलांना काय येतं ते बघणारी ‘असर’ची पाहणी भाषेत वाचनच तपासते. वाचन घड्याळ लावून मोजता येतं. लिहिलेलं मोजायचं तर ते आधी कोणीतरी बसून वाचायला लागतं, तिथे सगळं अडतं. तपासायला येणारे साहेबही वही उघडून बघतात ती भरलेली आहे का, सही-तारीख आहे का एवढंच. पालकही तेच बघतात. तेव्हा सगळा दोष तुमच्या माथी मारण्याइतकी मी अडाणी नाही.

आता माझ्या कामाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण मला ते तुमच्या कामाच्या फार जवळचं वाटतं.

अर्ज करायला घेतला की मी लगेच कीबोर्डला हात लावत नाही. आधी विचारते, तुम्हाला हवंय काय? याचं उत्तर सरळ कोणी देत नाही, आधी गाऱ्हाणं येतं. ‘फार धक्के खायला लावतात हो.’ बरं, पण हवंय काय? दोन-तीनदा विचारलं की एक वाक्य येतं: ‘माझं विधवा पेन्शन परत चालू करून हवंय.’ झालं, अर्जाचं पहिलं वाक्य मिळालं. मग विचारते, हे कोणाच्या हातात आहे? खिडकीवरच्या क्लार्कच्या की आतल्या साहेबांच्या? वाचणारा ठरला की निम्मा मजकूर आपोआप गळतो. थोरली जाऊ काय बोलली ते साहेबांना नको असतं, हे बाईंना मी सांगायला लागत नाही, त्या स्वतःच म्हणतात, ‘ते नका टाकू.’ मग शेवटची रक्कम कधी आली, बंद कधी झाली, कोणाला भेटलात, कागद दिला होता का, त्याची पोच आहे का. एवढं झालं की मी टाइप करते आणि प्रिंट काढायच्या आधी मोठ्याने वाचून दाखवते.

आणि वाचताना ती बाई मला अडवते. ‘नाही नाही, मी गेले नव्हते, मला बोलावलं होतं.’ ‘एप्रिलमध्ये नाही, होळीच्या आधी.’ ‘विनंती कशाला लिहिलंत, हक्काचे पैसे आहेत माझे.’ मग मी खोडते, पुन्हा लिहिते, पुन्हा वाचते. पेनाला हात न लावता ती स्वतःचा मजकूर दुरुस्त करत असते. काय आधी, काय नंतर, कुठला शब्द जोराचा, कुठला नरम, हे सगळं ती ठरवते. लिहिण्यातलं जे अवघड काम आहे ते हेच, आणि ते तिला येतं. शाळेत तिच्याकडून ते कोणी करून घेतलं नाही. गिरवून घेतलं, कारण ते करून घेणं सोपं होतं.

तुमच्या पहिलीतलं मूलही असंच करेल. त्याला बोलू द्या आणि तुम्ही ते त्याच्याच शब्दांत कागदावर घ्या. ‘आमच्या खडकीत कुत्रीला पिल्लं झाली, मी चार मोजली, मम्मी बोलते पाच आहे.’ ‘म्हणते’ करू नका, ‘पाच आहेत’ करू नका. वाचून दाखवा. तो म्हणेल, ‘एक काळं होतं ते पण लिहा.’ लिहा. हेच त्याचं पहिलं वाचनाचं पान होऊ द्या. स्वतः बोललेलं वाक्य मूल बोट ठेवून वाचतं, कारण त्यात काय आहे हे त्याला आधीच ठाऊक असतं. थोड्या दिवसांनी तो चित्राखाली आपणहून दोन शब्द लिहील. त्यातला दीड चुकलेला असेल.

चुकण्याचं म्हणाल तर तुम्हाला एक सांगण्यासारखं आहे. चार्ल्स रीड नावाच्या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने 1971 मध्ये शाळेत न गेलेल्या लहान मुलांनी मनानेच केलेली स्पेलिंगं तपासली. मुलं वाटेल ते अक्षर ठोकत नाहीत, ऐकलेल्या आवाजाला आपल्यापुरता एक नियम लावतात, असं त्यांना दिसलं. आपल्याकडेही ‘पुसतक’ लिहिणारं मूल आळशी नसतं. त्याने प्रत्येक आवाज नीट ऐकलेला असतो, स आणि त जोडायचे असतात एवढंच अजून कळलेलं नसतं.

बडोद्याच्या मराठी मुलाची तर कसरतच असते. घरात मराठी, शाळेत गुजराती, म्हणजे हाताला आधी शिरोरेघ नसलेली लिपी लागते. मराठी लिहायला बसवलं की डोक्यावरची रेघ राहून जाते, ख, च, ज, ल हे गुजराती वळणाने उतरतात. इंग्रजी शाळेत घातलं तरी 2023 च्या कायद्याने पहिली ते आठवी गुजराती आहेच. त्यात नियमही उलटसुलट: तिकडे कवि, गुरु, शक्ति ऱ्हस्व, इकडे कवी, गुरू, शक्ती दीर्घ. दोन्ही बाजूंच्या नियमांमागे मोठमोठी माणसं उभी आहेत. गुजरात विद्यापीठाने 1929 साली जोडणीकोश (शुद्धलेखनाचा कोश) काढला तेव्हा गांधीजींनी बजावलं होतं, की यापुढे मनाला येईल तशी जोडणी करायचा कोणाला अधिकार नाही. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम 1962 चे. हे सगळं मोठ्यांसाठी होतं, सहा वर्षांच्या पोराला उद्देशून नव्हतं, असं मी आपलं समजते.

कारण लाल पेन लवकर आलं की काय होतं ते मी माझ्या स्टुलावर बघते. चुकायची भीती बसलेलं मूल जे बिनचूक लिहिता येतं तेवढंच लिहायला लागतं. ‘माझे घर छान आहे. माझी आई छान आहे. मला सण फार आवडतात.’ एकही चूक नाही, गुण पूर्ण. घरात कोण राहतं, कोण कोणाशी बोलत नाही, यातलं एक अक्षर नाही, कारण ‘कोण कोणाशी बोलत नाही’ लिहायला जोडाक्षरं लागतात आणि धैर्यही लागतं. हेच मूल पुढे ‘कारण’च्या रकान्यापाशी येऊन थांबतं. शुद्धलेखन शिकवाच, माझं म्हणणं एवढंच की ते मजकूर तयार झाल्यावर शिकवा. भाकरी थापून झाल्यावर काठ नीट करतात, पीठ मळायच्या आधी कोणी काठ बघत नाही.

हस्ताक्षराचे क्लास चालवणाऱ्यांनी रागावू नये. अक्षर वाचता आलंच पाहिजे, आकडे तर फारच. एक आणि सात यांतल्या गोंधळामुळे परत आलेले कागद मी पाहिले आहेत. पण सुवाच्य अक्षराची गरज जेवढी आहे तेवढ्यावर थांबा. त्या तासाभरातली दहा मिनिटं मुलांना आपलं काही लिहू द्या, तेच सुंदर अक्षरात.

बडोद्यात शिक्षणावर बोलायचं आणि महाराजांचं नाव घ्यायचं नाही असं होत नाही. सयाजीरावांनी 1893 मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला, 1906 मध्ये तो सगळ्या राज्याला लागू केला. गोखल्यांनी पुढे कलकत्त्याच्या कौन्सिलात सक्तीच्या शिक्षणाचं बिल मांडताना बडोद्याकडेच बोट दाखवलं होतं, आणि ते बिल फेटाळलं गेलं. 1910 मध्ये अमेरिकेहून ग्रंथालयाचे जाणकार बोर्डनसाहेब यांना आणून गावोगाव वाचनालयं काढली, पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या. हे आपण प्रत्येक समारंभात ऐकतो आणि टाळ्या वाजवतो. मला त्यांच्या चरित्रातली दुसरीच गोष्ट घोळवावीशी वाटते. नाशिककडच्या कवळाणे गावाहून 1875 मध्ये दत्तक येईपर्यंत, म्हणजे वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत, त्यांना अक्षरओळख नव्हती. मुळाक्षरांपासून सुरुवात झाली ती राजवाड्यात. पुढे याच माणसाने हुजूर हुकूम काढले, चार भाषांत व्यवहार केला, ढीगभर पत्रं पाठवली. तीन वर्षांच्या मुलाला ठिपके जोडून ‘अ’ काढायला बसवणाऱ्या नर्सऱ्यांनी आणि त्यासाठी फी मोजणाऱ्या आईबापांनी याचा विचार करावा. त्या बारा वर्षांच्या मुलाला अक्षरं लवकर लागली यामागे शिकवणारे होतेच, पण त्याच्यापाशी सांगायला नि विचारायला भरपूर होतं, आणि त्याने लिहिलेलं कोणीतरी खरंच वाचणार होतं, हेही असणार. हा माझा तर्क आहे, इतिहासकारांनी मला क्षमा करावी.

बालशिक्षणातल्या गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडकांची नावं तुम्हाला पीटीसीत पाठ करावी लागली असतील, मलाही लागली. भावनगरच्या बालमंदिरात एक गुजराती वकील आणि एक मराठी बाई मिळून काम करत होते, 1926 मध्ये त्यांच्यातूनच नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. त्या दोघांचं आपण जेवढं पाठ केलं तेवढं वर्गात आणलं नाही. त्याच सुमारास फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने नावाचा खेड्यातला एक शिक्षक वर्गात लहानसं छापयंत्र घेऊन आला. मुलं बाहेर फिरून येत, पाहिलेलं लिहीत, सगळे मिळून तो मजकूर नीट करत, स्वतः खिळे जुळवून छापत आणि दूरच्या दुसऱ्या शाळेतल्या मुलांना पाठवत. तिकडून त्यांचं छापील यायचं. 1911 च्या त्या कसोटीत हा वर्ग पास झाला असता. आज छापयंत्र नको, माझ्यासारख्यांची झेरॉक्स मशिनं कोपऱ्याकोपऱ्यावर आहेत. वाघोडिया रोडच्या एका शाळेने रावपुऱ्यातल्या दुसऱ्या शाळेला महिन्यातून एकदा चार पानं पाठवायची ठरवली तर खर्च किती येईल? ज्या शाळा खरंच करतील त्यांची पानं मी फुकट काढून देईन, कागद तुमचा.

सुट्टीच्या दिवशी मराठी वर्ग घेणाऱ्यांना वेगळं सांगते. मुळाक्षरांचा तक्ता आणि बाराखडीच्या वह्या बाजूला ठेवा. त्या मुलाला दोन लिप्या आधीच येतात, तिसरी त्याला जड नाही. मराठीत लिहायचं कोणाला, हे मात्र त्याला ठाऊक नाही. सांगलीची आजी, डोंबिवलीचा मामा, इंदूरची आत्या, प्रत्येकाचं कोणी ना कोणी आहे. पन्नास पैशांचं पोस्टकार्ड अजून मिळतं. पहिल्या कार्डात अर्धी अक्षरं गुजराती वळणाची आली तरी पोस्टात टाका, आजीला वाचता येतील. आजीला मात्र आधी फोन करून सांगा, की उत्तर कार्डावरच लिहायचं, व्हॉइस मेसेज पाठवायचा नाही. आजी लोकच हल्ली फार व्हॉइस मेसेज पाठवतात.

फोनवर मुलं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात याचा अनेकांना राग येतो. मला येत नाही. कोणाला तरी काहीतरी सांगायचं म्हणून ती लिहितात, म्हणजे मी जे मागते आहे ते तिथे आधीच चालू आहे. मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. हल्ली गिऱ्हाइकं फोनकडूनच अर्ज लिहून आणतात. इंग्रजी झकास, एकही चूक नाही, आणि त्यात त्यांची हकीकतच नाही. पेन्शन कधी बंद झालं, कोणी काय सांगितलं, यातलं काही फोनला माहीत नव्हतं, आणि सांगायला पाहिजे हे माणसाला सुचलं नाही. मग मी ते बाजूला ठेवते आणि पहिल्यापासून विचारते, तुम्हाला हवंय काय?

कायद्यालाही या अडचणीची कल्पना आहे. माहिती अधिकार कायदा, 2005, कलम 6: ज्याला लेखी अर्ज करता येत नाही त्याची तोंडी विनंती लेखी उतरवायला माहिती अधिकाऱ्यानेच मदत करायची. त्याच कलमात आहे, की माहिती का हवी याचं कारण अर्जदाराला विचारता येत नाही. हे सांगितलं की माझ्या गिऱ्हाइकांच्या चेहऱ्यावर जो सुटकेचा भाव येतो तो बघण्यासारखा असतो. गुजरातेत वीस रुपये फी, आणि कारणाचा रकानाच नाही!

वेळ कुठे आहे, हा तुमचा प्रश्न मला माहीत आहे, आणि तो खरा आहे. निवडणुकीची कामं, पोर्टलवर माहिती भरणं, उत्सव. तरी हिशेब मांडून बघू. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक. रोज पाच वह्या वाचल्या तर शनिवारपर्यंत सगळा वर्ग वाचून होतो. तपासू नका, वाचा. खाली सहीऐवजी एक ओळ लिहा, जशी तुम्ही कोणाच्या पत्राला लिहाल: ‘काळं पिल्लू आता कुठे आहे?’ पुढच्या आठवड्यात त्याचं उत्तर येतं की नाही ते बघा. वर्गात पन्नास असतील तर आठवड्याचे दहा दिवस करा, कोणी विचारायला येणार नाही. ज्यांचा वर्ग याहून मोठा आहे त्यांनी मुलांच्या जोड्या लावून एकमेकांना उत्तरं लिहायला सांगावीत, मी त्यांच्यापुढे आणखी हिशेब मांडत नाही.

शेवटी एक निमंत्रण. पाचवीच्या पुढच्या कोणत्याही वर्गाने खरा अर्ज लिहावा. शाळेसमोरचा बंद दिवा, गेटपाशी साठणारं पाणी, बसस्टॉपवर नसलेलं छप्पर, मुलांना रोज जे खुपतं त्यावर, वॉर्ड ऑफिसच्या नावाने. महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी कचेऱ्या बंद असतात तेव्हा माझं दुकान रिकामंच असतं. घेऊन या. प्रति, विषय, तारीख, सही कुठे, पोच कशी मागायची, सोबत काय जोडायचं, हे मी मुलांना बसवून दाखवीन, पैसे घेणार नाही. अट एकच, मजकूर मुलांचा हवा. एकाच वर्गाचे तीस अर्ज तीस तऱ्हेचे आले तर सगळे छापून देईन. फळ्यावरून उतरवलेले, शब्दाला शब्द सारखे आले, तर ते तुमच्यासकट परत पाठवीन, रागावू नका.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
कोठीसमोरची टायपिंगवाली,
बडोदा